बेंजामिन फ्रँकलिनची नगरसेवा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बोस्टन नावाचे शहर आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी ते इंग्रजांच्या वसाहतीतील एक लहानसे बंदर होते. गावाच्या कडेला एका पाणचक्कीचे तळे होते आणि तळ्याच्या काठाशी खाऱ्या पाण्याची दलदल होती. भरतीचे पाणी चढले की गावातील मुले तेथे उभी राहून लहान लहान मासे पकडीत. परंतु रोजच्या तुडविण्याने ती जागा अगदी चिखलमय होऊन गेली आणि मुलांना उभे राहणेही कठीण झाले. त्या टोळीत एक चलाख मुलगा होता. तेथे दगडांचा एक छोटासा धक्का बांधावा असे त्याने सुचविले. जवळच एका नव्या घरासाठी आणून टाकलेल्या दगडांची रास होती. संध्याकाळी गवंडी घरी गेल्यावर मुले जमली. मुंग्यांप्रमाणे, एकेका दगडाला दोघे-तिघे लागून, त्यांनी सारे दगड तळ्याकाठी वाहून नेले आणि पाहता पाहता धक्का तयार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी येऊन पाहतात, तो दगड नाहीसे! चौकशी झाली, मुले सापडली आणि त्यांच्याबद्दल तक्रार झाली. त्या चलाख मुलाने आपले काम किती उपयोगाचे आहे हे वडिलांना पटविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. परंतु जे काम प्रामाणिकपणे केलेले नाही ते उपयोगाचेही होऊ शकत नाही, असे वडिलांनी त्याला समजावून दिले. हा बोध त्या मुलाच्या मनावर कायमचा कोरला गेला. त्या मुलाचे नाव बेंजामिन फ्रँकलिन.

फ्रँकलिनचे नाव आज जगाला अनेक नात्यांनी ठाऊक आहे. आकाशात कडाडणारी वीज आणि घर्षणाने उत्पन्न होणारी वीज या दोन्ही एकच, हे ओळखणारा तो शास्त्रज्ञ होता. १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा तो मुत्सद्दी होता. परंतु या मोठ्या कीर्तीच्या आधी सुमारे तीस वर्षे तो एका लहान गावाचा साधा रहिवासी म्हणून राहिला. गावातला रस्ता, रस्त्यावरचा दिवा, घराला लागणारी आग, गरिबाचे आजारपण, या साऱ्यांची चिंता तो वाहत असे आणि आपल्या शेजाऱ्यांनाही वाहावयास शिकवीत असे.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे झाला. त्याचे वडील जोसाया हे मेणबत्त्या व साबण तयार करण्याचा धंदा करीत. त्यांना सतरा मुले होती व बेंजामिन हा त्यांतला पंधरावा. एवढ्या मोठ्या कुटुंबात शिक्षणासाठी फारसा पैसा उरत नसे. जेमतेम दोन वर्षे शाळेत जाऊन दहाव्या वर्षी बेंजामिन वडिलांच्या हाताखाली मेणबत्त्यांच्या वाती कापू लागला. बाराव्या वर्षी त्याला थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. त्याला वाचनाचे विलक्षण वेड होते, परंतु पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती. पुस्तकविक्रेत्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या मुलांशी त्याने मैत्री जोडली होती. ती मुले संध्याकाळी दुकानातले एखादे पुस्तक त्याला देत. तो रात्र रात्र जागून ते वाचून काढी आणि सकाळी दुकान उघडण्यापूर्वी जसेच्या तसे परत करी.

भाऊ रागीट होता व प्रसंगी मारहाणही करी. शेवटी १७२३ मध्ये, सतराव्या वर्षी, बेंजामिनने घर सोडले आणि ऑक्टोबरातील एका रविवारी सकाळी तो फिलाडेल्फिया येथे पोहोचला. प्रवासाने कपडे मळलेले, खिशांत मोजे व सदरे कोंबलेले आणि जवळ अगदी थोडे पैसे, अशी त्याची अवस्था होती. भुकेने व्याकूळ होऊन तो एका पाववाल्याकडे गेला आणि त्याने तीन पेन्सांचा पाव मागितला. तेवढ्या पैशांत त्याला तीन मोठमोठे पाव मिळाले. दोन काखांत दोन पाव धरून आणि तिसरा खात खात तो रस्त्याने निघाला. एक पाव खाऊन त्याचे पोट भरले. उरलेले दोन पाव त्याने बरोबर नावेतून आलेल्या एका बाईला व तिच्या मुलाला देऊन टाकले. ज्या गावाला त्याने पुढे आपले आयुष्य वाहिले, त्या गावातील त्याचा पहिला दिवस असा होता.

फिलाडेल्फिया तेव्हा अगदी नवे गाव होते. १६८२ मध्ये विल्यम पेन याने डेलावेअर नदीच्या काठी ते वसविले होते. त्याची लोकवस्ती दहा हजारांच्या आत होती. रस्ते सरळ व रुंद आखलेले होते, परंतु ते कच्चे होते. पाऊस पडला की गाड्यांच्या चाकांनी त्यांचा लगदा होई आणि ऊन पडले की धूळ उडून घराघरांत शिरे. गावात सार्वजनिक ग्रंथालय नव्हते, रुग्णालय नव्हते, महाविद्यालय नव्हते. लाकडी घरांना आग लागली तर ती विझविण्याची नीट बांधलेली व्यवस्था नव्हती. लोक उद्योगी व सज्जन होते, परंतु जो तो आपल्या दुकानाच्या उंबरठ्याआत पाही. उंबरठ्याबाहेरचा चिखल कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

मध्यंतरी दोन वर्षे लंडनमध्ये काढून फ्रँकलिन १७२६ मध्ये फिलाडेल्फियाला परत आला. १७२८ मध्ये त्याने एका भागीदाराबरोबर स्वतःचा छापखाना काढला. तो स्वतः खिळे जुळवी, स्वतः छापी आणि विकत घेतलेला कागद हातगाडीवर घालून स्वतःच ढकलीत आणी. त्याच सुमारास त्याच्या मनात एक विचार घोळत होता. एकट्या माणसाचे ज्ञान थोडे व बळही थोडे. परंतु दहा-बारा माणसे नेमाने एकत्र बसली तर दोन्ही वाढतील, असे त्याला वाटले. म्हणून १७२७ मध्येच त्याने आपल्या बारा मित्रांचे एक मंडळ स्थापन केले होते. त्याचे नाव जंटो. ते दर शुक्रवारी संध्याकाळी भरे. त्यात बहुतेक जण साधे कामकरी होते. एक जण खिडक्यांना काचा बसविणारा होता, एक जोडे शिवण्याचे काम शिकलेला होता, एक सुतार, एक मोजणीदार, एक व्यापाऱ्याचा कारकून, तर काही छापखान्यातील कामगार होते.

या मंडळाचे नियम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. प्रत्येक सभासदाने नीती, राज्यकारभार किंवा सृष्टिविज्ञान यांसंबंधी प्रश्न आणावेत व त्यांवर सर्वांनी चर्चा करावी. तीन महिन्यांतून एकदा प्रत्येकाने स्वतः लिहिलेला निबंध वाचून दाखवावा. चर्चा सत्य शोधण्यासाठी करावी, जिंकण्यासाठी नव्हे. जो हट्टाने बोलेल किंवा दुसऱ्याचे म्हणणे तोडून टाकील त्याने थोडासा दंड भरावा. गावातील कोणत्या गोष्टीत सुधारणा हवी, कोणत्या कायद्याने लोकांना त्रास होतो, याचाही तेथे विचार होई. पुढील तीस वर्षांत फिलाडेल्फियात जी अनेक लोकोपयोगी कामे झाली, त्यांपैकी बऱ्याच कामांची पहिली चर्चा या मंडळात झाली.

पहिले काम पुस्तकांचे होते. चर्चेत संदर्भासाठी पुस्तके लागत. म्हणून सभासदांनी आपापली पुस्तके एका खोलीत आणून ठेवली. परंतु त्यांची नीट निगा राहिली नाही आणि वर्षभराने जो तो आपली पुस्तके घरी घेऊन गेला. फ्रँकलिन निराश झाला नाही. त्याने १७३१ मध्ये वर्गणीच्या ग्रंथालयाची योजना आखली. प्रत्येक सभासदाने आरंभी चाळीस शिलिंग द्यावेत व पुढे दर वर्षी दहा शिलिंग द्यावेत, अशी ती योजना होती. वीस शिलिंगांचा एक पौंड होई. कष्ट करून पोट भरणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती. दारोदार हिंडून त्याने मोठ्या कष्टाने पन्नास सभासद मिळविले. त्यांत बहुतेक तरुण कारागीर व व्यापारी होते. जमलेल्या पैशांतून लंडनहून पुस्तके मागविण्यात आली. ज्या मुलाला एके काळी रात्रीपुरते पुस्तक उसने आणावे लागे, त्याने गावातील कारागिरांना अशा रीतीने पुस्तकांचे भांडार उघडून दिले.

वर्गणी गोळा करताना फ्रँकलिनला एक अनुभव आला. ही योजना आपली आहे असे तो सांगू लागला की लोक मागेपुढे पाहू लागत. या कामामुळे हा आपल्यापेक्षा मोठा होईल, अशी शंका त्यांच्या मनात येई. ही मनुष्यस्वभावाची खोच त्याने ओळखली. तेव्हापासून तो स्वतः मागे राहू लागला. ही योजना काही मित्रांची आहे आणि त्यांनी आपल्याला वाचनप्रेमी लोकांकडे पाठविले आहे, असे तो सांगू लागला. काम झपाट्याने पुढे सरकले. थोडासा मानाचा त्याग आज केला तर काम पुरे होते, आणि मान ज्याचा त्याला पुढे मिळतोच, असा त्याचा अनुभव होता. पुढील बहुतेक सार्वजनिक कामांत त्याने हीच रीत पाळली.

त्या काळी फिलाडेल्फियात आगीचे फार भय असे. घरोघर चुली व शेकोट्या पेटत. लोक जळते निखारे उघड्या फावड्यावर घालून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत; एखादा निखारा जिन्याच्या फटीत पडला तर मध्यरात्री घर पेट घेई. १७२९ पासून फ्रँकलिन एक वृत्तपत्र चालवीत होता. १७३५ मध्ये त्यात आगीसंबंधी एक पत्र प्रसिद्ध झाले. पत्रलेखकाने आपण गावचा एक म्हातारा रहिवासी आहोत असे म्हटले होते. निखारे झाकून न्यावेत, धुराडी वेळेवर साफ करावीत आणि आग विझविण्यासाठी लोकांनी पथक बांधावे, असा उपदेश त्यात केला होता. हा म्हातारा म्हणजे एकोणतीस वर्षांचा फ्रँकलिन होता.

पत्र लिहून तो स्वस्थ बसला नाही. ७ डिसेंबर १७३६ रोजी तीस रहिवाशांचे एक अग्निशामक पथक स्थापन झाले. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि मजबूत पिशव्या व टोपल्या सदैव तयार ठेवाव्यात, असा नियम होता. बादल्या पाण्यासाठी, आणि पिशव्या व टोपल्या जळत्या घरातील सामान बाहेर काढण्यासाठी. सभासद महिन्यातून एकदा संध्याकाळी एकत्र जमत व आग विझविण्याच्या युक्त्यांची चर्चा करीत. जो गैरहजर राही त्याला दंड होई. दंडाच्या पैशांतून पुढे पाण्याचे बंब, शिड्या व आकडे विकत घेण्यात आले. या पथकाची उपयुक्तता पाहून इतरही लोक त्यात येऊ इच्छू लागले. परंतु तीसच्या पुढे संख्या वाढली तर शिस्त राहणार नाही, म्हणून त्यांना स्वतःचे दुसरे पथक काढण्याचा सल्ला देण्यात आला. अशा रीतीने एकामागून एक पथके निघाली आणि बहुतेक सर्व घरमालक कोणत्या ना कोणत्या पथकात सामील झाले. पन्नास वर्षांनंतर आपल्या आयुष्याकडे मागे वळून पाहताना फ्रँकलिनने समाधानाने नमूद केले आहे, की पथके निघाल्यापासून फिलाडेल्फियात एका वेळी एक-दोन घरांपेक्षा अधिक घरे आगीत गेली नाहीत.

सर्वच कामे इतक्या लवकर झाली नाहीत. रात्रीच्या पहाऱ्याची गोष्ट याचे उदाहरण आहे. गावात पाळीपाळीने पहारा करण्याचे काम घरमालकांकडे असे. ज्याला ते टाळायचे असेल त्याने वर्षाला सहा शिलिंग भरावेत, असा रिवाज होता. त्या पैशांतून शिपाई कोणाही भटक्या माणसांना थोडीशी दारू पाजून पहाऱ्यावर ठेवी आणि ती माणसे गस्त घालण्याऐवजी पिण्यात रात्र घालवीत. फ्रँकलिनने जंटो मंडळात यावर निबंध वाचला. त्याने आणखी एक अन्याय दाखवून दिला. जिच्या घरातले सारे सामान पन्नास पौंडांचेही नाही अशी गरीब विधवा सहा शिलिंग भरते आणि ज्याच्या वखारीत हजारो पौंडांचा माल आहे असा व्यापारीही सहाच शिलिंग भरतो! म्हणून पगारी पहारेकरी नेमावेत आणि प्रत्येकाकडून त्याच्या मालमत्तेच्या प्रमाणात कर घ्यावा, असे त्याने सुचविले. ही कल्पना अमलात येण्यास बरीच वर्षे लागली. परंतु मंडळात, इतर मित्रमंडळींत व वृत्तपत्रांत तिची चर्चा होत राहिली आणि हळूहळू लोकांची मने तयार झाली.

१७४७ मध्ये गावावर मोठे संकट आले. इंग्लंडचे फ्रान्स व स्पेन यांच्याशी युद्ध चालू होते आणि शत्रूची लुटारू जहाजे डेलावेअर नदीच्या मुखात शिरू लागली. प्रांताच्या विधिमंडळात क्वेकर पंथाच्या लोकांचे बहुमत होते. हे लोक शांतताप्रिय असून शस्त्र धरणे पाप मानीत. त्यामुळे गावाच्या रक्षणाची काहीच तयारी नव्हती. फ्रँकलिनने एक पत्रक छापून लोकांना धोका समजावून सांगितला आणि स्वेच्छेने एकत्र येऊन आपल्या गावाचे रक्षण करण्याचे आवाहन केले. लवकरच प्रांतातील दहा हजारांवर लोकांनी नावे नोंदविली. त्यांनी स्वतःच्या खर्चाने शस्त्रे घेतली व आपले नायक आपणच निवडले. तोफांचा मोर्चा बांधण्यासाठी सोडत काढून पैसा उभारण्यात आला. फिलाडेल्फियाच्या पथकाने फ्रँकलिनला आपला कर्नल निवडले. परंतु आपण त्या पदास योग्य नाही असे सांगून त्याने दुसऱ्याचे नाव सुचविले. तोफांच्या मोर्चावर मात्र साध्या शिपायाप्रमाणे तो आपल्या पाळीचा पहारा नेमाने करीत राहिला.

१७४८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, फ्रँकलिनने छापखान्याचा कारभार भागीदारावर सोपविला. आता विज्ञानाच्या प्रयोगांत निवांतपणे वेळ घालवावा असा त्याचा बेत होता. विजेचे त्याचे प्रसिद्ध प्रयोग याच काळातले. परंतु गाव त्याला मोकळे सोडीना. १७४९ मध्ये त्याने तरुणांच्या शिक्षणाविषयी एक पत्रक लिहिले. लोकांनी वर्गणी दिली आणि १७५१ मध्ये विद्यालय सुरू झाले. हेच विद्यालय पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ म्हणून प्रसिद्धीस आले.

त्याच वर्षी रुग्णालयाचा प्रश्न निघाला. गरीब रोग्यांसाठी एक रुग्णालय असावे, ही कल्पना डॉक्टर टॉमस बाँड यांची होती. ते वर्गणीसाठी हिंडू लागले. परंतु जेथे जावे तेथे, या बाबतीत फ्रँकलिनचा सल्ला घेतला आहे काय, असा प्रश्न लोक त्यांना विचारीत. शेवटी डॉक्टर फ्रँकलिनकडे आले. फ्रँकलिनने स्वतः वर्गणी दिली आणि वृत्तपत्रात लेख लिहून लोकांची मने वळविली. तरीही पैसा अपुरा पडला. तेव्हा त्याने विधिमंडळाकडे मदत मागितली. खेड्यांतील प्रतिनिधींनी विरोध केला. रुग्णालयाचा लाभ केवळ शहराला होईल, म्हणून त्याचा खर्चही शहरानेच करावा, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय शहरातील लोक तरी या कामाला मनापासून अनुकूल आहेत काय, अशी त्यांना शंका होती.

फ्रँकलिनने एक चतुर तोड काढली. लोकांनी प्रथम वर्गणीतून दोन हजार पौंड जमवावेत. ते जमले तरच सरकारने आणखी दोन हजार पौंड द्यावेत, असा ठराव त्याने मांडला. एवढी रक्कम जमणारच नाही, असे समजून विरोधकांनी ठरावाला संमती दिली. फुकटात उदारपणाचे श्रेय मिळते, असे त्यांना वाटले. इकडे लोकांना नवा हुरूप आला, कारण आपण दिलेला प्रत्येक पौंड दुप्पट होणार, हे त्यांना कळले. थोड्याच काळात ठरलेल्या रकमेहून अधिक वर्गणी जमली. १७५२ मध्ये भाड्याच्या घरात रुग्णालय सुरू झाले आणि पुढे त्याची स्वतःची इमारत उभी राहिली.

फ्रँकलिनला लहान कामांचा कधी कमीपणा वाटला नाही. त्याच्या घराजवळ बाजार भरे. पावसाळी दिवसांत घरांसमोरच्या पायवाटेपासून बाजारापर्यंत लोकांना चिखल तुडवीत जावे लागे. याविषयी पुष्कळ लिहून व बोलून त्याने तेवढ्या भागात दगडी फरसबंदी करविली. परंतु इतर रस्त्यांवरून येणाऱ्या गाड्या आपला चिखल त्या फरशीवर झाडीत. तो काढणार कोण? फ्रँकलिनने एक गरीब पण कष्टाळू माणूस शोधून काढला. आठवड्यातून दोनदा फरशी झाडावयाची व प्रत्येक घरापुढला कचरा उचलून न्यावयाचा. त्यासाठी दर घराने महिन्याला सहा पेन्स द्यावेत, असे ठरले. मग फ्रँकलिनने एक पत्रक छापून घरोघर पाठविले. पायांबरोबर घरात येणारी घाण कमी होईल, गिऱ्हाइकांना दुकानापर्यंत सहज पोहोचता येईल, वाऱ्याने धूळ उडून मालावर बसणार नाही, असे एकेक फायदे त्यात साध्या भाषेत सांगितले होते. एक-दोन दिवसांनी तो स्वतः सह्या घेण्यास गेला. एकाही घराने नाही म्हटले नाही. स्वच्छ फरशी पाहून साऱ्या गावाला आनंद झाला. आपल्याही रस्त्याला फरशी हवी असे जो तो म्हणू लागला आणि त्यासाठी कर देण्यासही लोक राजी झाले.

रस्त्यांवरील दिव्यांची सुरुवात मात्र फ्रँकलिनने केली नव्हती. जॉन क्लिफ्टन नावाच्या एका रहिवाशाने आपल्या दारासमोर एक दिवा लावला. तो पाहून साऱ्या गावात दिवे लावावेत अशी कल्पना लोकांना सुचली. याचे श्रेय लोक फ्रँकलिनला देत. परंतु ते क्लिफ्टनचे आहे, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. आपण केवळ दिव्याचा आकार सुधारला, एवढेच तो म्हणे. लंडनहून आणलेले गोल दिवे आतल्या धुराने काळे होत आणि फुटले तर संपूर्ण निकामी होत. फ्रँकलिनने चार सपाट काचांचा दिवा तयार करविला. वर धूर जाण्यास नळी व खाली हवा येण्यास फटी ठेवल्या. त्यामुळे दिवा पहाटेपर्यंत उजळ राही आणि एखादी काच फुटली तर तेवढीच बदलता येई.

१७५७ मध्ये प्रांताच्या कामासाठी फ्रँकलिन इंग्लंडला गेला. तेथून त्याच्या मोठ्या राजकीय जीवनाला आरंभ झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सची मदत मिळविण्याचे कठीण काम त्याने केले आणि १७८७ मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी, नव्या राष्ट्राची राज्यघटना तयार करणाऱ्या सभेतही भाग घेतला. ही सभा फिलाडेल्फिया येथेच भरली होती.

एवढ्या थोर पुरुषाच्या आयुष्यातही एक मोठा दोष होता. त्या काळी अमेरिकेत गुलामगिरी चालू होती. फ्रँकलिनच्या स्वतःच्या घरी गुलाम होते आणि त्याच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. ज्या गावाच्या सुखासाठी तो झटला, त्या गावातील या माणसांचे दुःख त्याला पुष्कळ वर्षे दिसले नाही. उतारवयात मात्र त्याचे मत पालटले. १७८७ मध्ये तो गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील संस्थेचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १७९० मध्ये त्याच्या सहीचा एक अर्ज राष्ट्राच्या विधिमंडळापुढे गेला. गुलामगिरीविरुद्ध पावले उचलावीत, अशी त्यात विनंती होती. ती मान्य झाली नाही. परंतु आपली चूक ओळखून ती सुधारण्याचा प्रयत्न चौऱ्याऐंशीव्या वर्षीही करता येतो, हे त्याने आपल्या उदाहरणाने दाखविले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १७ एप्रिल १७९० रोजी, फिलाडेल्फिया येथे त्याचे निधन झाले. अंत्ययात्रेला सुमारे वीस हजार लोक जमले होते. मृत्युपत्रात त्याने बोस्टन व फिलाडेल्फिया या दोन्ही गावांना एकेक हजार पौंड ठेवले होते. स्वतः धंदा सुरू करताना दोन मित्रांनी दिलेल्या कर्जाचा त्याला आधार झाला होता. त्याची आठवण ठेवून, उमेदवारी पुरी केलेल्या तरुण कारागिरांना या पैशांतून अल्प व्याजाने कर्ज द्यावे, अशी व्यवस्था त्याने केली. या निधीची मुदत त्याने दोनशे वर्षांची ठेवली होती आणि ती १९९० मध्ये पुरी झाली.

बोस्टनच्या तळ्याकाठी मुलांनी रचलेला धक्का चोरून आणलेल्या दगडांचा होता. फिलाडेल्फियाचे रस्ते शेजाऱ्यांच्या संमतीने बांधले गेले आणि त्यांच्याच सहा-सहा पेन्सांनी स्वच्छ राहिले. गावाचे काम करण्याची हौस फ्रँकलिनला बाळपणापासून होती. ते काम सर्वांना विचारून, सर्वांचा वाटा घेऊन आणि स्वतःचे नाव मागे ठेवून कसे करावे, हे तो आयुष्यभर शिकत राहिला.